एकाच गावातल्या दोन पीएच.डी.

परभणीत पीएच.डी.च्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटतात. शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला डॉक्टरेट करायची असेल, तर त्याची नोंदणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात होते. पेट ही प्रवेश परीक्षा, आरआरसी म्हणजे संशोधन मान्यता समिती, कोर्सवर्क, प्रगती अहवाल, शेवटी व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, अशी ती वाट. त्याच शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात ज्वारीच्या किंवा भेंडीच्या वाणावर काम करणारा विद्यार्थीही पीएच.डी.च करत असतो. पण त्याचं नियमांचं पुस्तक वेगळं, ते नियम आखून देणारी दिल्लीतली यंत्रणा वेगळी. इतकंच काय, प्रबंध शेवटी ज्या डिजिटल संग्रहात जातो तोही वेगळा: एकाचा शोधगंगेत, दुसऱ्याचा कृषिकोशात. हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचले की लक्षात येतं, २००९ नंतर संगणकशास्त्राच्या पीएच.डी.साठी ज्या अटी नव्या म्हणून आल्या, त्यांतल्या महत्त्वाच्या अटी कृषी विद्यापीठात फार आधीपासून पाळल्या जात होत्या. कोर्सवर्क आलं, सल्लागार समिती आली. मात्र कृषी संशोधनाला खरा विश्वास मिळवून देणारी अट, म्हणजे आपला दावा दुसऱ्याच्या रानात पेरून दाखवण्याची अट, संगणकशास्त्राकडे आलीच नाही. तिच्या जागी शोधनिबंधांची मोजणी आली, आणि संगणकशास्त्राच्या पदवीचं त्यातून मोठं नुकसान झालं असं माझं म्हणणं आहे.

आधी वाटांचा उगम पाहू. १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. संस्थानाचं विद्यापीठ म्हणजे १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया, शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला मॅट्रिकच्या पुढे जायचं तर आधी भाषेचा उंबरा ओलांडावा लागे आणि मग अंतराचा. संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर चित्र बदलू लागलं. १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय निघालं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आलं आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा कुठे परभणीच्या पदवीधराला संशोधनासाठी हैदराबाद किंवा पुण्या-मुंबईखेरीज आपल्या मुलखातला पर्याय मिळाला. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनीच, नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं आणि परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला, पण विद्यापीठ दोघांचं एकच राहिलं. म्हणजे एका माणसाच्या हयातीत परभणीचा विद्यापीठाचा गाव दोनदा बदलला: आधी हैदराबाद, मग औरंगाबाद, मग नांदेड. दर वेळी तो जवळ आला. अटींचा साचा मात्र बराच काळ होता तसाच राहिला.

तो साचा विलायती होता. इंग्लंडमधली विद्यापीठं पीएच.डी.कडे उशिरा वळली. ऑक्सफर्डने आपली डी.फिल. १९१७ साली मान्य केली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्येच पीएच.डी. दिली होती. विलायती पद्धतीत विद्यार्थी, मार्गदर्शक आणि प्रबंध एवढंच महत्त्वाचं. वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. प्रबंध लिहायचा, बाहेरच्या परीक्षकांनी तो वाचायचा आणि तोंडी परीक्षा घ्यायची. अमेरिकन पद्धतीत आधी वर्ग करायचे, परीक्षा द्यायच्या आणि मग प्रबंधाला हात घालायचा. या दोन्ही पद्धतींतून गेलेला माणूस मराठवाड्याला चांगला ठाऊक आहे. औरंगाबादच्या विद्यापीठाला १९९४ पासून त्याचंच नाव आहे. डॉ. आंबेडकरांनी कोलंबियात अनेक विषयांचे वर्ग केले आणि १९१७ मध्ये त्यांचा प्रबंध स्वीकारला गेला, पण पदवी मिळाली ती १९२७ मध्ये. कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी द्यायची नाही, आणि तो ग्रंथ लंडनला १९२५ साली छापून निघाला. लंडनच्या डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ मध्ये दिला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला आणि १९२३ च्या अखेरीस स्वीकारला. एका ठिकाणी छापील प्रत जगापुढे ठेवण्याची सक्ती, दुसऱ्या ठिकाणी परीक्षकांनी ओळ न् ओळ वाचून काम परत पाठवण्याची तयारी. दोन्हीकडे पदवीचा आधार एकच होता: काम कोणीतरी परक्याने खरोखर तपासलेलं असणं.

मराठवाडा विद्यापीठाकडे आला तो विलायती साचा. कृषी विद्यापीठांनी दुसरा घेतला. स्वतंत्र भारताची कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. त्यांतलं पहिलं पंतनगर, १९६० साली, इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली अशी विद्यापीठं झाली. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्यांचं नाव मिळालं. या घराण्याच्या पीएच.डी.त विद्यार्थी सुरुवातीपासून सेमिस्टर आणि क्रेडिटच्या हिशेबाने विषय शिकतो, मुख्य विषयाबरोबर पूरक विषयही घेतो, आणि त्याच्या कामावर एकट्या गाईडची नाही तर सल्लागार समितीची नजर असते. प्रबंधाला बसण्याआधी पात्रता परीक्षा असते. आजच्या कृषी अभ्यासक्रमात पीएच.डी.च्या १०० क्रेडिटपैकी ७५ संशोधनाची आहेत, उरलेली वर्गांची आणि सेमिनारची. नांदेड किंवा औरंगाबादच्या संशोधकाला २००९ नंतर ज्या गोष्टींची ओळख झाली, त्या परभणीच्या बसस्थानकापासून फार दूर नसलेल्या या आवारात रोजच्या होत्या. या दोन व्यवस्थांनी एकमेकींकडून काही शिकावं असं कोणाला फारसं वाटलं नाही, कारण एकीचा कारभार विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आणि दुसरीचा कृषी खात्याकडे व भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे. गावाने जोडलेल्या दोन संस्था खात्यांनी वेगळ्या ठेवल्या.

पण वर्ग आणि समित्या हा कृषी पीएच.डी.चा वरवरचा भाग आहे. तिच्या गाभ्यात काय आहे हे पाहायचं तर परभणी क्रांती या भेंडीच्या वाणाकडे पाहावं. भेंडीची पानं आणि शिरा पिवळ्या पाडणारा हळद्या हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि प्लॉटच्या प्लॉट घालवतो. लागवडीतल्या भेंडीत त्याला टिकेल असा गुण सापडत नव्हता. परभणीचे शास्त्रज्ञ एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीचा दूरच्या नात्यातल्या प्रजातीशी संकर केला. रोगाचा प्रतिकार पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो याचा हिशेब त्यांनी १९८१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला: हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. मग पुसा सावनी या प्रचलित वाणाशी पुन्हा संकर करत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत जे वाण स्थिर झालं ते परभणी क्रांती. त्याची नोंद १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बागायतीच्या नियतकालिकात आली. यात शोधनिबंध आहेतच. पण वाणाला मान्यता निबंधांमुळे मिळत नाही. केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या बहुस्थानी चाचण्या, मग शेतकऱ्याच्या रानातल्या चाचण्या, आणि तुलनेला दर वेळी एक प्रचलित वाण, असा तो क्रम असतो. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे लोक जिथे बसतात त्या जॉइंट ॲग्रेस्कोत वाण आणि शिफारशी मांडायच्या, तिथे परक्या विद्यापीठाच्या माणसाने आकडे विचारायचे आणि हवं तर अडवायचं. परभणी मोती ही रब्बी ज्वारी असो की सोयाबीनचे एमएयूएस मालिकेतले वाण, सगळे या चाळणीतून आले. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला एवढा मोठा क्रम लागत नाही हे खरं. पण त्याला ज्यांनी शिकवलं, ज्यांनी तपासलं, त्यांची कामाकडे पाहण्याची रीत याच क्रमात घडलेली असते. एका हंगामाच्या आकड्यावर कोणी वाण मागितलं तर तिथे कोणी त्याला उभं करणार नाही.

आता संगणकशास्त्राकडे येऊ. ही विद्याशाखाच तरुण. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा पहिला विभाग १९६२ मध्ये निघाला. या विषयातल्या पहिल्या अमेरिकन डॉक्टरेट पदव्या १९६५ सालच्या, आणि ७ जून १९६५ या एकाच दिवशी त्या दोघांना मिळाल्या: विस्कॉन्सिन विद्यापीठात सिस्टर मेरी केनेथ केलर या जोगिणीला आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अर्व्हिंग टँग यांना. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली पूर्ण झालं, कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं. म्हणजे जगाच्या फार मागे आपण नव्हतो. पण संगणक ही प्रचंड खर्चाची गोष्ट होती, आणि संगणकशास्त्रातलं संशोधन दीर्घकाळ जिथे यंत्र तिथेच राहिलं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या महाविद्यालयात संगणक म्हणजे एका कुलूपबंद खोलीतली चार यंत्रं. चित्र बदललं ते नव्वदीनंतर, बी.एस्सी. संगणकशास्त्राचे वर्ग जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत उघडल्यावर. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या मुलांना हा विषय शिकवायला माणसं लागली, त्या माणसांना नोकरीत टिकायला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागली, आणि औरंगाबादचा संगणकशास्त्र विभाग व नांदेडचं संगणकशास्त्र संकुल यांच्याकडे नोंदणीची रीघ लागली. मराठी बोलणं ओळखणारे कार्यक्रम, देवनागरी हस्ताक्षर, उपग्रहाची चित्रं, पानांवरचे रोग हे विषय या भागातल्या प्रबंधांत पुन्हा पुन्हा येतात, आणि ते आपल्या मुलखाचे विषय आहेत म्हणून मला त्यांचं मोल वाटतं.

नेमक्या याच काळात अटी बदलल्या. ११ जुलै २००९ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम आले. प्रवेश परीक्षा सक्तीची झाली, किमान एका सेमिस्टरचं कोर्सवर्क आलं, एका गाईडकडे आठपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत असं ठरलं, प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध संदर्भित नियतकालिकात आलेला असावा अशी अट बसली. या नियमांनुसार पीएच.डी. झालेल्याला नेटमधून सूट मिळणार होती, त्याआधीच्या पीएच.डी.धारकांचं काय, हा प्रश्न उरला. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी कितीतरी माणसं या एका तारखेच्या अलीकडे-पलीकडे अडकली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये पी. सुशीला प्रकरणात नेटची सक्ती वैध ठरवली. मग २०१६ मध्ये आयोगाने जुन्या पीएच.डी.धारकांसाठी पाच मुद्द्यांची सवलत काढली: पदवी नियमित पद्धतीने, प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांनी तपासलेला, व्हायवा खुली, दोन शोधनिबंध प्रसिद्ध आणि परिषदांत दोन सादर. या पाच मुद्द्यांवर विद्यापीठाची सही-शिक्क्याची खात्री आणायची. ही यादी नीट वाचली तर अविश्वास कसा काम करतो ते कळतं. प्रबंधात काय म्हटलंय, ते खरं आहे का, यावर पाचांपैकी एकही मुद्दा नाही. तपासणी झाली होती ना, एवढंच त्यात विचारलं आहे.

शोधनिबंधाच्या अटीने काय केलं याचा हिशेब महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासून पाहिली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांतून तपासायला घेतलेल्या १,००९ पैकी सुमारे ८८ टक्के निकषांना उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम वगळली. पुढे केअर नावाची नवी यादी आली, तिचा कारभार पुण्यातूनच चालला, आणि २०२५ च्या सुरुवातीला आयोगाने तीही बंद केली. सक्तीची अट आणि ती भागवणारी बाजारपेठ यांचा हा संबंध जुना आहे. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, असं सांगणारी नियतकालिकं या अटीच्या आधारावरच जगली. संगणकशास्त्राच्या बाबतीत तर अट मुळातच अडनिडी होती. या विषयात चांगलं काम आधी परिषदांत मांडलं जातं, नियतकालिकांत नंतर, कधी कधी मुळीच नाही. अमेरिकेतल्या संगणक संशोधन संघटनेसाठी डेव्हिड पॅटरसन, लॉरेन्स स्नायडर आणि जेफ्री उलमन यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या टिपणात हे स्पष्ट सांगितलं होतं. दहा वर्षांनी आपण सगळ्या विषयांना एकच मोजपट्टी लावली, आणि ती इतिहासाला आणि संगणकाला सारखीच लागली.

२०१६ च्या नियमांनी गाईडची मर्यादा प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार अशी पदानुसार केली, संशोधन सल्लागार समिती आणली आणि दर सहा महिन्यांनी तिच्यापुढे प्रगती मांडायला लावली. महिलांना मुदतीत दोन वर्षांची सूट आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळाली, ही या नियमांतली सर्वांत माणुसकीची तरतूद म्हणावी लागेल. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे टप्पे ठरले: दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य, साठच्या पुढे नोंदणीच रद्द. ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली आणि निबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. कृषी विद्यापीठातल्या रीतीशी ताळा करून पाहा: वर्ग आले, समिती आली, मध्यावर प्रगती तपासणं आलं. दहा-बारा वर्षांत विलायती घराण्याने अमेरिकन घराण्याचा जवळपास सगळा सांगाडा उचलला, आणि ते चांगलंच झालं. एकट्या गाईडच्या मर्जीवर विद्यार्थ्याचं आयुष्य टांगून ठेवणारी जुनी पद्धत गेली, तिच्यासाठी कोणी हळहळू नये. पण बहुस्थानी चाचणीच्या जागी साम्य मोजणारं सॉफ्टवेअर बसलं. ते शब्द कुठून आले ते सांगतं. शब्दांत केलेला दावा खरा आहे की नाही याबद्दल ते मुकं असतं.

संगणकशास्त्रात दुसऱ्याच्या रानात पेरणं म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगतो, आणि ते शेतीचंच आहे. पानाचा फोटो पाहून रोग ओळखणाऱ्या कार्यक्रमांवर भारतात असंख्य प्रबंध झाले. त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी प्लांटव्हिलेज हा खुला चित्रसंग्रह असतो: १४ पिकं, २६ रोग, ५४ हजारांहून जास्त फोटो. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी या संग्रहावर शिकवलेला कार्यक्रम त्याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूक ठरला. मग त्यांनी तो वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवला. अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. लेखकांनी हे स्वतःच लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यानंतरच्या कितीतरी कामांनी मात्र वरचा आकडा उचलला आणि खालचा सोडून दिला. परभणीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट बोलकी आहे. या संग्रहात कापूस नाही, तूर नाही, ज्वारी नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानं. म्हणजे आमच्या चारही मुख्य पिकांच्या रोगांबद्दल हा संग्रह काहीही सांगत नाही, तरी त्याच्यावर बेतलेला प्रबंध शेतकऱ्याच्या उपयोगाचा म्हणून खुशाल सादर होऊ शकतो. भेंडीचं वाण एका वाफ्यात टिकलं म्हणून कृषी विद्यापीठ ते राज्याला देणार नाही. एकाच संग्रहावर शिकवून त्याच संग्रहावर तपासलेला कार्यक्रम हा एका वाफ्यातलाच प्रयोग आहे. संगणकात दुसरं रान तयार करणं तर शेतीपेक्षा कितीतरी सोपं: कोड द्यायचा, डेटा द्यायचा, दुसऱ्याने तो चालवून पाहायचा. जगातल्या काही सॉफ्टवेअर परिषदांनी २०११ पासून निबंधासोबत कोड मागवून तो चालवून पाहण्याची रीत सुरूही केली आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की संगणकशास्त्र म्हणजे फक्त प्रयोग नव्हे; अल्गोरिदमचा सिद्धांत, गणिती पुरावे यांना कोणतं रान दाखवायचं? मान्य. पण पुरावा हा तर तपासण्यासाठीच लिहिलेला असतो, आणि तो ज्याला समजतो अशा परक्या माणसाने ओळ न् ओळ वाचला तर त्याची चाचणी झाली. अडचण सिद्धांताच्या प्रबंधांची नाही. अचूकतेचा आकडा ज्यांच्या शेवटच्या पानावर येतो त्यांची आहे, आणि आपल्या विद्यापीठांत तेच बहुसंख्य आहेत. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पीएच.डी. वाणाला मिळत नाही, माणसाला मिळते. ती पदवी म्हणजे या माणसाला संशोधन करता येतं याची ग्वाही. त्याचा पहिला निष्कर्ष फसला तरी तो चांगला संशोधक असू शकतो. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच चाचणीत आकडा टिकला पाहिजे अशी अट मी सुचवत नाही. चाचणी झाली पाहिजे आणि तिचा निकाल प्रबंधात लिहिला गेला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. संशोधन करता येतं की नाही हे आपला आकडा ९९ वरून ३१ वर येताना पाहून माणूस काय करतो यावरून जितकं कळतं, तितकं तो ९९ वरच थांबल्याने कळत नाही.

तिसरा आक्षेप परभणीसारख्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे: अटी वाढल्या की मार पडतो तो दूरच्या, कमी साधनांच्या संशोधकावर. आठवड्याला तासिकांचं ओझं, घरचं सगळं पाहून रात्री काम करणारी अध्यापिका, गाईड नांदेडला, प्रयोगशाळा नावापुरती. तिच्यावर आणखी एक अट कशाला? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. २००९ च्या तारखेने जी माणसं भरडली गेली त्यांत अशांचीच भरती होती. पण कोणत्या अटीला किती खर्च येतो हेही पाहायला हवं. निबंध छापण्याच्या अटीने खिशातून पैसे नेले. परिषदांच्या नोंदणीने नेले. कोड आणि डेटा उघडा ठेवायला पैसे लागत नाहीत, आणि परभणीत बसून केलेलं काम लातूरला किंवा अकोल्याला चालवून पाहायला प्रवासही लागत नाही. उलट, मोठ्या संस्थेच्या नावाचा आधार नसलेल्या माणसाला या अटीचाच सर्वांत जास्त उपयोग आहे. जांभळे आणि नेरकरांचं काम जगाने परभणीचं म्हणून सोडून दिलं नाही, कारण बी पेरून पाहता येत होतं.

याच परभणी क्रांतीचं उदाहरण उलटंही वापरता येईल. पुढच्या काळात अनेक भागांत हे वाण हळद्याला बळी पडू लागलं. मग एवढ्या चाचण्यांचा उपयोग काय झाला? उपयोग असा झाला की वाण कुठे, कसं ढासळतंय हे कळलं. बी सगळ्यांकडे होतं, तुलनेचं वाण ठरलेलं होतं, प्रतिकार एका जनुकावर उभा आहे हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. त्यामुळे पुढच्या पैदासकारांना कुठून सुरुवात करायची ते ठाऊक होतं. ज्या प्रबंधाचा कोडच कोणाकडे नाही, तो ढासळला तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि त्याच्यापुढे कोणी काही बांधूही शकत नाही. शोधगंगेत प्रबंधाचं पुस्तक ठेवण्याची सक्ती हे फार मोठं पाऊल होतं, कोलंबियाच्या छापील प्रतींच्या नियमाच्या जवळ जाणारं. पण संगणकशास्त्राच्या प्रबंधात पुस्तक हा कामाचा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये राहतो आणि लॅपटॉप बदलला की जातो.

२०२२ च्या नियमांनी निबंधाची सक्ती काढली, तेव्हा तिची जागा मोकळी राहिली. ती कशाने भरायची हे आता बऱ्याच अंशी विद्यापीठांच्या हातात आहे. दरम्यान परभणीच्या कृषी विद्यापीठात, जागतिक बँक आणि कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पातून, यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या साहाय्याने डिजिटल शेती करण्याचं केंद्र उभं राहिलं. कापसाच्या आणि सोयाबीनच्या प्लॉटवर कॅमेरे फिरू लागले, म्हणजे संगणकशास्त्राला जे रान हवं होतं ते गावातच तयार झालं. नांदेडच्या संकुलाने संगणकशास्त्रापुरता एक नियम करावा: प्रबंध सादर करण्याआधी त्यातला कार्यक्रम विद्यापीठाबाहेरच्या एका तज्ज्ञाने, संशोधकाने न पाहिलेल्या डेटावर चालवावा, त्याचा अहवाल जसाच्या तसा प्रबंधाला जोडावा, आणि कोड शोधगंगेतल्या प्रतीबरोबर ठेवावा. पानांच्या रोगांवर काम असेल तर तो डेटा परभणीच्या कृषी विद्यापीठाने, आपल्या वेगवेगळ्या संशोधन केंद्रांवरून काढलेला, पुरवावा. मराठी बोलण्यावर काम असेल तर गंगाखेडच्या आणि जिंतूरच्या माणसांची, त्यांच्या संमतीने घेतलेली, बोली वापरावी. आकडा खाली आला म्हणून कोणाची पदवी अडवू नये. तो का खाली आला, याचं प्रकरण मात्र प्रबंधात असलंच पाहिजे, आणि व्हायवाला पहिला प्रश्न त्या प्रकरणावर विचारला जावा.